व्हायकिंगांच्या बाजारात माणसंही होती

प्रश्न असा आहे: “व्हायकिंग मालिकांत दाखवतात तसे खरंच रक्तपिपासू होते का? की ते मुळात शेतकरी-व्यापारी होते आणि मठातल्या साधूंनी त्यांना बदनाम केलं? शिंगांची शिरस्त्राणं, तलवार घेतलेल्या बायका, आंघोळ न करणारे दाढीवाले, यातलं खरं किती?”

मी पुरातत्त्वात प्राण्यांची हाडं आणि शिंगं तपासण्याचं काम करते, आणि त्यातला बराचसा माल उत्तर युरोपातल्या आठव्या ते अकराव्या शतकातल्या वस्त्यांमधला असतो. तलवारी माझ्या टेबलावर क्वचितच येतात. येतात ते मोडके कंगवे, मेंढ्यांचे जबडे आणि माशांचे मणके. त्यामुळे हे उत्तर जरा वेगळ्या बाजूने आलं तर समजून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर व्हायकिंग, म्हणजे त्या काळचे स्कँडिनेव्हियातले (आजच्या डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडचे) लोक, शेतकरी होते, व्यापारी होते आणि लुटारूही होते, आणि पुष्कळदा तीनही एकाच वर्षात. पण “ते तर बिचारे व्यापारी” ही जी नवी प्रतिमा गेल्या पन्नासेक वर्षांत रुजली आहे, ती मला जुन्या रानटी प्रतिमेपेक्षा जास्त खटकते. व्यापार कशाचा होता, हे सांगायचं तिच्यात हमखास राहून जातं.

आधी बदनामीचं बघू. ८ जून ७९३ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्नच्या मठावर समुद्रातून हल्ला झाला. या हल्ल्याची सगळ्यात गाजलेली वर्णनं अल्क्विन या विद्वानाच्या पत्रांत आहेत. तो मूळचा यॉर्कचा, पण शार्लमेनच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या राजाच्या, पदरी होता. म्हणजे त्याने काही हा हल्ला डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आणि ज्या राजाचं मीठ तो खात होता, त्याने अकराच वर्षांपूर्वी, ७८२ मध्ये, व्हेर्डेन इथे ४,५०० सॅक्सन बंद्यांची एका दिवसात कत्तल केल्याची नोंद फ्रँकांच्याच बखरीत आहे. आयर्लंडमध्ये मन्स्टरचा फेदेल्मिद हा राजा स्वतः धर्माधिकारी असून शेजाऱ्यांचे मठ जाळत फिरायचा. त्या काळाच्या मानाने व्हायकिंग जास्त क्रूर होते असं पुराव्यावरून तरी दिसत नाही. फरक एवढाच, की इतर लुटारूंच्या दरबारात त्यांची बाजू लिहून ठेवणारे कारकून होते. यांच्याकडे रूण लिपी होती. ती दगडावर, लाकडावर चार ओळी कोरण्यापुरती. ग्रंथ लिहिणारे सगळे समोरच्या बाजूला.

पण इथेच थांबून “म्हणजे ते सगळं खोटंच” असं म्हणणं चूक आहे. आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या बखरीत ८२१ सालची नोंद बघा. डब्लिनजवळचं हाउथ परधर्मीयांनी लुटलं आणि बायकांची मोठी संख्या पळवून नेली, बस्स, एवढंच. ना शाप, ना बायबलातली वचनं. मला अल्क्विनच्या सगळ्या विलापापेक्षा ही एक कोरडी ओळ जास्त हादरवते. त्या बायका कुठे गेल्या, याकडे मी पुढे येणारच आहे.

अल्क्विनच्याच पत्रात आणखी एक मजेदार गोष्ट आहे. तो नॉर्थंब्रियाच्या, म्हणजे लिंडिस्फार्न ज्या राज्यात होतं त्या उत्तर इंग्लंडातल्या राज्याच्या, राजाला फटकारतो, की तुम्ही लोकांनी केस आणि दाढ्या या परधर्मीयांसारख्या ठेवायला सुरुवात केली होती, आणि आता त्यांचीच दहशत बसली. म्हणजे हल्ल्याच्या आधीपासून त्यांची फॅशन इंग्लंडात पोहोचलेली होती! हे लोक अचानक क्षितिजावरून उगवले, हे चित्र इथेच कोसळतं. माझ्या विषयातला पुरावाही तेच सांगतो. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर रिबे हे बाजारगाव इसवी सन ७०० च्या सुमारास वसलं. तिथल्या कारागिरांच्या कंगव्यांच्या तुकड्यांतली प्रथिनं तपासल्यावर लिंडिस्फार्नच्या आधीच्या थरांतही रेनडिअरचं शिंग सापडलं. डेन्मार्कात तेव्हा रेनडिअर नव्हते. ते शिंग नॉर्वेच्या डोंगरांतूनच येणार. म्हणजे जहाजं, वाटा, ओळखीपाळखी आधीपासून होत्या. कुठे श्रीमंत मठ आहे आणि कुठे पहारा नाही, हे कळायला याहून जास्त काय लागतं?

आणि लढाऊ टोळ्याही आधीच्याच. एस्टोनियातल्या सारेमा बेटावर साल्मे इथे २००८ मध्ये रस्त्याकडेच्या खोदकामात एक आणि २०१० मध्ये दुसरी अशा दोन दफन केलेल्या नौका सापडल्या. साधारण ७५० सालच्या. दोन्ही मिळून चाळिसावर पुरुष, बहुतेक मध्य स्वीडनमधले, अंगावर घाव, सोबत उंची तलवारी आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्या.

आता रोजच्या जगण्याकडे वळते. बहुसंख्य स्कँडिनेव्हियन आयुष्यात कधीच लुटीला गेले नाहीत. लांबट लाकडी घर, मधोमध पेटती चूल, धुराने कोंदलेलं छत, पुष्कळ ठिकाणी त्याच छपराखाली एका टोकाला गुरं. जव आणि राय, दूध आणि दह्याचे प्रकार, डुक्कर, मेंढी, आणि मासे. उत्तर नॉर्वेच्या लोफोटेन भागातला वाळवलेला कॉड मासा पार दक्षिणेला, आजच्या उत्तर जर्मनीतल्या हेडेबी या व्हायकिंग बाजारगावात विकला जात होता, हे तिथे सापडलेल्या हाडांच्या डीएनएवरून सिद्ध झालं आहे. खाण्यापिण्याबद्दल याहून जास्त रोमांचक काही माझ्याकडे नाही.

शेती आणि लूट यांचा मेळ कसा बसे, याचं सर्वांत स्पष्ट वर्णन स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कने बेटांवरच्या स्वेन आस्लेइफार्सनचं आहे. तो जरा उशिराचा, बाराव्या शतकातला, पण पद्धत जुनीच. हिवाळाभर घरी ऐंशी माणसं पोसायची. वसंतात पेरणी स्वतः उभं राहून करून घ्यायची, मग आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या बेटांकडे लुटीला जायचं. उन्हाळ्यात परत. कापणी झाली, धान्य कोठारात पडलं की पुन्हा मोहीम. दसऱ्याचं सीमोल्लंघन ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेळापत्रक समजावून सांगायला नको. ऐंशी माणसं पोसायची तर त्यांना भेटी, चांदी, कपडे द्यावे लागतात, आणि ते नुसत्या जवाच्या शेतीतून निघत नाही. बड्या घरांची ही निकड आणि धाकट्या मुलांना जमीन न मिळणं, लग्नासाठी माया जमवावी लागणं या गोष्टी एकत्र आल्या की तरुण पोरं जहाजावर चढतात.

जहाजाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. सगळे त्याच्या डौलदार नाकाडाकडे बघतात. शिडाकडे कुणी बघत नाही. डेन्मार्कात रोस्किल्डेजवळ स्कुल्डेलेव्ह इथे १९६२ मध्ये समुद्राच्या तळातून पाच जहाजं काढली. त्यातलं एक तीसेक मीटर लांबीचं युद्धजहाज डब्लिनजवळ १०४२ च्या सुमारास तोडलेल्या ओकचं आहे. त्याची प्रतिकृती २००७ मध्ये रोस्किल्डेहून डब्लिनपर्यंत समुद्रमार्गे नेली गेली. या प्रतिकृती बांधणाऱ्यांनी एक हिशेब पुढे आणला, तो मला फार मोलाचा वाटतो. त्या काळचं शीड लोकरीचं असे. साधारण ९० चौरस मीटरच्या शिडाला दोनेकशे मेंढ्यांची लोकर लागते, आणि सूत शंभर किलोमीटरहून जास्त. तेव्हा चरखा नव्हता. टकळीवर सराईत हाताने तासाला चाळीस-पन्नास मीटर सूत निघतं. मग ते उभ्या मागावर विणायचं, त्याला चरबी आणि डांबर चोळायचं. जहाजाच्या लाकूडकामापेक्षा शिडाला जास्त मनुष्यतास लागत. आणि हे मनुष्यतास जवळपास सगळे बायकांचे.

आता एका जहाजाऐवजी शंभर जहाजांचा ताफा धरा. त्यात खलाशांचे लोकरी कपडे, पांघरुणं, तंबू मिळवा. एवढ्या मेंढ्यांना कुरणं हवीत, एवढ्या लोकरीला हात हवेत. फळ्यांना लागणारं डांबरही असंच. स्वीडनच्या उपलांड भागात आठव्या शतकापासून जंगलात भलेमोठे डांबरखड्डे दिसू लागतात; आधी ते वाड्यांशेजारी छोटे असत. म्हणजे पहिला मठ जळण्याच्या कितीतरी आधी घराघरात आणि जंगलात एक प्रचंड उद्योग उभा राहिला होता. त्या उद्योगाला हात कुठून मिळाले? काही घरचे. काही विकत घेतलेले, पळवून आणलेले.

इथे हाउथच्या बायकांकडे येते.

नवव्या शतकाच्या मध्यात आयर्लंडच्या लाइन्स्टर भागातल्या फिंडान नावाच्या उमरावपुत्राची बहीण व्हायकिंगांनी पळवली. बापाने त्याला पैसे देऊन सोडवायला पाठवलं. व्हायकिंगांनी त्यालाच बेड्या घातल्या. मग त्यांच्यातच चर्चा झाली, की खंडणी घेऊन येणाऱ्यालाच धरायला लागलो तर पुढे कोण येईल? म्हणून सोडलं. हा तपशील मला विलक्षण वाटतो, कारण त्यात धंद्याची अक्कल आहे. पुढे फिंडानच्या घराण्याच्या आयरिश शत्रूंनीच त्याला मेजवानीला बोलावून व्हायकिंगांच्या हाती दिलं. तो एकाकडून दुसऱ्याकडे विकला गेला, जहाजातून ऑर्कनेला पोहोचला, तिथे पळून लपला, पोहत सुटला आणि शेवटी आजच्या स्वित्झर्लंडमधल्या र्‍हाइनाउच्या मठात एकांतवासी म्हणून राहिला. बहिणीचं काय झालं ते चरित्रात येत नाही. त्याच शतकात हाम्बुर्ग-ब्रेमेनचा आर्चबिशप रिम्बर्ट याला हेडेबीच्या बाजारात साखळदंडातले ख्रिस्ती कैदी दिसले. त्यातल्या एका जोगिणीला सोडवण्यासाठी त्याने आपला घोडा दिला. हेडेबी, स्वीडनमधलं बिर्का हे बाजारगाव आणि डब्लिन या तीनही ठिकाणच्या उत्खननांत लोखंडी बेड्या सापडल्या आहेत. आणि ८४१ मध्ये जहाजतळ म्हणून सुरू झालेलं डब्लिन पुढे पश्चिम युरोपातल्या गुलामांच्या मोठ्या बाजारांपैकी एक बनलं.

पूर्वेकडे हेच आणखी मोठ्या प्रमाणावर चालू होतं. बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळातून आलेल्या इब्न फदलानने ९२२ मध्ये आजच्या रशियात, व्होल्गाकाठी रूस व्यापारी, म्हणजे पूर्वेकडच्या नद्यांवरून फिरणारे व्हायकिंग, पाहिले. त्यांची शरीरं खजुराच्या झाडासारखी उंच आणि देखणी आहेत, असं तो कौतुकाने लिहितो. मग सांगतो, की धक्क्याला लागताच व्यापारी भाकरी, मांस, कांदे, दूध आणि दारू घेऊन लाकडी देवापुढे जातो आणि म्हणतो: देवा, दूरच्या देशातून इतक्या दासी आणि सेबलची (मऊ, महागड्या फरच्या एका प्राण्याची) इतकी कातडी घेऊन आलोय, भरपूर दिनार-दिरहम असलेला, घासाघीस न करणारा गिऱ्हाईक पाठव. व्हायकिंगांच्या ‘व्यापारा’चं याहून प्रामाणिक वर्णन मी वाचलेलं नाही.

त्या दिरहमांचं पुढे काय झालं तेही ठाऊक आहे. स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्स या शेतात १९९९ मध्ये सुमारे ६७ किलो चांदी सापडली. त्यात १४ हजारांहून जास्त नाणी, बहुतेक सगळी अरबी. हे एका शेतात. अशी नाणी तोलून, तुकडे करून वापरायचे. त्यांच्यावरच्या अक्षरांशी कुणाला देणंघेणं नव्हतं. याच पूर्वेकडच्या वाटांनी, हातोहात फिरत, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याच्या बाजूची एक छोटी कांस्य बुद्धमूर्ती स्वीडनच्या हेल्ग्यो बेटावर पोहोचली. त्यावरून “व्हायकिंग भारतात आले होते” अशा पोस्ट फिरतात. आले नव्हते, मूर्ती आली.

आइसलंडमध्ये या साऱ्याचा ठसा माणसांच्या रक्तातच उतरला आहे. तिथल्या आजच्या लोकांच्या पितृवंशातले सुमारे तीन चतुर्थांश स्कँडिनेव्हियन आहेत, पण मातृवंशातले निम्म्याहून जास्त आयर्लंड-स्कॉटलंडकडचे. त्यातल्या काही लग्न करून गेल्या असतील. सगळ्या नक्कीच नाही.

बाकीचे प्रश्न आता भराभर.

आंघोळ. इब्न फदलानला हे लोक किळसवाणे वाटले, कारण ते सगळे एकाच घंगाळातलं पाणी तोंड धुवायला वापरत. नमाजाआधी वाहत्या पाण्याने वजू (हातपाय-तोंड धुणं) करणाऱ्याला ते कसं रुचणार? उलट तेराव्या शतकातला एक इंग्रज बखरकार तक्रार करतो, की हे डेन रोज केस विंचरत, दर शनिवारी आंघोळ करत, कपडे बदलत, आणि त्यामुळे इंग्रजांच्या बायका त्यांच्या नादी लागत. कंगवे, चिमटे, कानातला मळ काढायच्या कोरण्या इतक्या सापडतात की मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. मात्र पोटात जंत सगळ्यांच्याच. तेव्हा व्हायकिंगांच्या ताब्यात असलेल्या यॉर्कमध्ये १९७२ साली एका बँकेच्या जागेखाली वीसेक सेंटिमीटरची अश्मीभूत विष्ठा सापडली, जंतांच्या अंड्यांनी खचाखच भरलेली. ती आज संग्रहालयात काचेत मांडून ठेवली आहे. आमच्या क्षेत्रात असल्या गोष्टींचा मान मोठा.

शिंगं. नव्हती. १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेराचा जो प्रयोग झाला, त्याच्या वेशभूषेत कार्ल एमिल डोप्लरने शिंगवाली शिरस्त्राणं घातली आणि ती चिकटली ती चिकटली. डेन्मार्कात व्हेक्सो इथे खरी शिंगवाली शिरस्त्राणं मिळाली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या सतराशे-अठराशे वर्षं आधीची. नॉर्वेत गेर्मुंडबू इथे सापडलेलं दहाव्या शतकातलं शिरस्त्राण साधं गोल, डोळ्यांपुढे चष्म्यासारखी पट्टी असलेलं आहे.

तलवारवाल्या बायका. बिर्कातली एक कबर १८७८ मध्ये उघडली गेली: तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे, सोंगट्या. शतकाहून जास्त काळ तिला आदर्श योद्ध्याची कबर म्हणत. २०१७ मध्ये डीएनए तपासला तर सांगाडा बाईचा निघाला. ती लढली होती का, हे हाडांवरून ठरत नाही, पण तोच सांगाडा पुरुषाचा समजत असताना ही शंका कुणालाच आली नव्हती, हेही खरं. अशा कबरी विरळ. बायकांची सत्ता बघायची तर ओसेबर्गचं जहाज बघा: ८३४ मध्ये पुरलेलं, नॉर्वेतलं सगळ्यात श्रीमंत दफन, आणि आत दोन स्त्रिया. किंवा स्वीडनमधला हास्मिराचा रूणशिलालेख, जिथे होल्मगाउत नावाचा शेतकरी पत्नी ओदिन्दीसाबद्दल लिहितो, की वाडा सांभाळणारी तिच्यापेक्षा चांगली गृहिणी हास्मिराला पुन्हा येणार नाही. हेडेबीला आलेला अल्-तार्तुशी हा प्रवासी सांगतो, की इथे बायकांना हवा तेव्हा काडीमोड घेता येतो. अर्थात हा हक्क घरच्या बायकांचा. बेड्यांतल्या बायकांचा नाही.

आता ही कीर्ती बनली कशी? साधूंनंतर तेराव्या शतकात आइसलंडच्या ख्रिस्ती लेखकांनी आपल्या परधर्मीय पूर्वजांच्या कथा लिहिल्या. पराक्रमाचे बहुतेक प्रसंग तिथून येतात, म्हणजे घटनेनंतर दोन-तीनशे वर्षांनी. मग एकोणिसावं शतक. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता, त्याला स्वतःचा तेजस्वी भूतकाळ हवा होता, आणि १८८० मध्ये गोक्स्टाडचं जहाज मातीतून बाहेर आलं. त्याची प्रतिकृती १८९३ मध्ये अटलांटिक ओलांडून शिकागोच्या प्रदर्शनात नेली. नंतर नाझींनी हेच सगळं उचललं. हेडेबीचं उत्खनन नाझी नेता हिमलरच्या संस्थेच्या छत्राखाली गेलं आणि जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत एसएस या नाझी लष्करी दलाच्या भरतीच्या भित्तिपत्रकांवर व्हायकिंग जहाजं झळकली. युद्धानंतर अभ्यासकांना या वीरपूजेपासून लांब पळायचंच होतं. यॉर्कच्या कॉपरगेटमध्ये १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात चांभार, सुतार, कंगवेवाले यांची आख्खी आळी सापडली आणि शांत, कष्टाळू व्हायकिंग जन्माला आला. उत्खनन उत्तमच होतं. पण चांभाराच्या गल्लीत गुलाम दिसत नाहीत, कारण त्यांचं वेगळं सामानच नसतं.

राहता राहिला “शुद्ध नॉर्डिक रक्ता”चा प्रश्न, जो विचारलेला नाही, पण या विषयावर काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच. २०२० मध्ये व्हायकिंगकालीन ४४२ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण युरोपचे आणि पूर्वेचे अंश निघाले, सोनेरी केसांचं प्रमाण आजच्या स्कँडिनेव्हियापेक्षाही कमी निघालं. आणि ऑर्कनेत अगदी व्हायकिंग थाटात, तलवारीसकट पुरलेले दोघं वंशाने स्थानिक पिक्ट, म्हणजे स्कॉटलंडकडचे मूळ रहिवासी, निघाले, स्कँडिनेव्हियन पूर्वज जवळपास नसलेले.